कोण कोणाला पारखतो? वसईतल्या ख्रिस्ती शिकवणुकीचा एक इतिहास

  आजचा विषय जरा नाजूक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आम्ही इतिहास सांगणारी माणसं. कोणाची श्रद्धा खरी आणि कोणाची खोटी, याचा निवाडा करायला आम्ही आलेलो नाही. पण असा निवाडा आपल्या वसईत आजवर कोणी केला, कसा केला आणि त्यात कोण भरडलं गेलं, हे बरंचसं कागदोपत्री आहे. ते बघता येतं.

विषय सुचला एका प्रश्नावरून. मागच्या व्याख्यानानंतर एक ताई थांबल्या. इथल्याच, पूर्वेच्या. त्यांच्या जाऊबाई एका प्रार्थनासभेला जायला लागल्या होत्या. भाड्याचा गाळा, शुक्रवारी संध्याकाळी गाणी, प्रार्थना, आजाऱ्यांवर हात ठेवणं. तिथल्या ब्रदरनी सांगितलं, पूर्ण विश्वास असेल तर गोळ्यांची गरज नाही. जाऊबाईंनी साखरेच्या गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. वाचल्या. ताईंचा प्रश्न साधा होता: "सर, खोटं कसं ओळखायचं? आणि आम्ही ओळखायचं म्हणजे आमचा अधिकार काय?"

पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटला. आज बोलायचंय ते त्यावर.

सुरुवात वसईपासून न करता थोडी मागून करू. नव्या करारात योहानाच्या नावावरचं एक पत्र आहे. त्यात तो आपल्या लोकांना सांगतो की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, कारण खोटे संदेष्टे पुष्कळ निघालेत. हे तो सांगतोय कोणाला? बिशपला नाही, न्यायासनाला नाही. ज्यांना पत्र वाचून दाखवलं जाणार, त्या साध्या मंडळीला. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावाची गोष्ट येते. तिथे खुद्द पौल येऊन बोलतो, आणि गावकरी रोज शास्त्र उघडून बघतात की हा सांगतो ते खरं का. लेखक त्याबद्दल त्यांना उद्धट म्हणत नाही, त्यांचं कौतुक करतो.

याहून मजेदार कागद पुढे सापडला. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथेओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूंना एक जुनी हस्तलिखित पोथी मिळाली. त्यातला एक मजकूर त्यांनी १८८३ मध्ये छापला. त्याचं नाव दिदाखे, म्हणजे शिकवण. पहिल्या शतकाचा शेवट ते दुसऱ्याची सुरुवात, असा त्याचा काळ बहुतेक अभ्यासक धरतात. त्या वेळी गावोगाव फिरणारे उपदेशक असत आणि गावापुढे हाच प्रश्न असे: आलेला माणूस खरा की भोंदू? दिदाखेची उत्तरं बघा. आलेल्याचं स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज असेल तर दुसरा. तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घेईल. पैसे मागितले तर खोटा. अंगात आत्मा आलाय असं म्हणून स्वतःसाठी जेवण मांडायला लावलं आणि तेच खाल्लं, तर खोटा. शिकवतो ते स्वतः करत नसेल तर खोटा. आणि कोणाला गावात कायमचं राहायचं असेल तर त्याने हाताला काम बघावं.

आपल्याकडे म्हणच आहे: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. दिदाखे लिहिणाऱ्याला ही म्हण कळली असती तर त्याने दाद दिली असती.

थट्टा सोडा, पण मुद्दा नीट बघा. या कसोट्या लावायला ग्रीक तत्त्वज्ञान यावं लागत नाही. घरात चूल सांभाळणारी बाईसुद्धा दिवस मोजू शकते, पैसे मागितले की नाही हे सांगू शकते. इथे गाव उपदेशकाला पारखतं. ही दिशा ध्यानात ठेवा, कारण वसईत ती उलटली.

२३ डिसेंबर १५३४ ला गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आले, मग जेझुइट, डॉमिनिकन. देवळं पडली, चर्च उभी राहिली. लोक ख्रिस्ती झाले: कोणी श्रद्धेने, कोणी जमिनीसाठी, कोणी धाकाने, कोणी शेजारी झाला म्हणून. यातलं कोणतंही एकच कारण सांगणारा माणूस अर्धा इतिहास सांगतो, मग तो कुठल्याही बाजूचा असो. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झालं. मराठीत आपण धर्मन्यायासन म्हणू. त्याची हद्द पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखावर होती, म्हणजे वसईवरही. उत्तरेच्या ठाण्यांत त्याचे प्रतिनिधी असत, त्यांना कमिसार म्हणत. मेंढरांच्या वेशातल्या लांडग्यांपासून कळप राखायचा, हे त्याचं घोषित काम. म्हणजे वचन तेच, जुनंच. फक्त आता पारखणारा खुर्चीत बसला आणि पारखला जाणारा खाली उभा राहिला.

याचं एक उदाहरण आपल्या किल्ल्यातून गेलेलं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. शार्ल देलाँ नावाचा तरुण फ्रेंच डॉक्टर दमणला राहत होता. माणूस कॅथलिकच. पण बोलण्यात मोकळा. दानपेटीवर रंगवलेल्या चित्राचं चुंबन घ्यायची तिथे रीत होती, ती तो पाळत नसे. बाप्तिस्म्यावरून एका धर्मगुरूशी वाद घातला. हस्तिदंती क्रुसाबद्दल म्हणाला की शेवटी तो हस्तिदंतच. आणि न्यायासनाचे न्यायाधीशही माणसं आहेत, तेही चुकू शकतात, असंही बोलून गेला. दमणच्या गव्हर्नरशी त्याचं बिनसलं होतं, ते वेगळंच. आपल्या बोलण्याचा बभ्रा होतोय हे कळल्यावर तो आपणहून कमिसारकडे गेला, सगळं सांगितलं. कमिसारने त्याला समजावून परत पाठवलं. ऑगस्ट १६७३ मध्ये त्याला अटक झाली. पुढच्या जानेवारीत दमणहून कैद्यांना समुद्रमार्गे गोव्याला नेताना वाटेत वसईला उतरवलं आणि इथल्या तुरुंगात काही दिवस ठेवलं.

आपण सहलीला किल्ल्यात जातो, फोटो काढतो, भिंतींवर वेली बघतो. तिथेच कुठेतरी हा माणूस बसला असेल, स्वतःचा गुन्हा काय याचा विचार करत. कारण गोव्यातल्या चौकशीची पद्धत अशी की आरोप काय आणि साक्षीदार कोण हे आरोपीला सांगायचं नाही. तूच आठव, तूच कबूल कर. जानेवारी १६७६ मध्ये त्याला शिक्षा सुनावली: हद्दपारी आणि पोर्तुगालमध्ये पाच वर्षं सक्तमजुरी. पुढे तो लवकर सुटला आणि १६८७ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकात लिहिलं. आज न्यायासनाच्या आतलं काही माहीत करून घ्यायचं तर ज्या थोड्या कैद्यांनी लिहून ठेवलं त्यांच्यावर विसंबावं लागतं, आणि देलाँ त्यात पहिला आठवतो. मराठी वाचकांना या सगळ्या कागदपत्रांची ओळख प्रियोळकरांमुळे झाली. अ. का. प्रियोळकरांचं गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं इंग्रजी पुस्तक १९६१ चं, आजही हाताशी ठेवावं असं.

देलाँ निदान शिकलेला परदेशी होता. त्याच्या बाजूने लिहायला त्याचा स्वतःचा हात होता. गावातल्या माणसाचं काय? एप्रिल १७३६ चा एक हुकूमनामा आहे, गोव्यातल्या ख्रिस्ती रयतेसाठी काढलेला. त्यात काय काय बंद केलंय? लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. विडा-फुलं वाटायची नाहीत. नवरा-नवरीच्या अंगाला उटणं-तेल लावायचं नाही. मिठाशिवाय भात शिजवायचा नाही. अंगणात तुळस नको. पुरुषांनी पुडवं नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. यादी लांब आहे. आम्ही ती पहिल्यांदा वाचली तेव्हा शोधत होतो की यात ख्रिस्ताविषयीच्या चुकीच्या शिकवणुकीबद्दल काय आहे. भाताच्या मिठाबद्दल मात्र होतं.

खोटी शिकवण शोधायला निघालेली माणसं स्वयंपाकघरात कशी पोचतात, याला कारण आहे. माणसाच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही, भात दिसतो. आणि बोली येत नसली की मनातलं विचारताही येत नाही. १६८४ मध्ये तर गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक बोली सोडून पोर्तुगीज बोला, असा हुकूमच काढला होता. ज्याला लोकांची भाषा नको, त्याला लोकांचे कपडे तपासावे लागतात.

पण त्याच मुलखात दुसरी वाटही होती, आणि ती आधीची आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि साष्टीत आयुष्य घालवलं. वसईकरांनो, ही गोव्याची साष्टी, आपल्या शेजारची नव्हे. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची तक्रार त्याने स्वतःच काव्याच्या आरंभी नोंदवलीय: आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं का देत नाही? स्टीफन्सने उत्तर म्हणून ख्रिस्तपुराण लिहिलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, आणि ओव्या मराठीत. १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलं. स्वर्गाला तो बिनदिक्कत वैकुंठ म्हणतो. आणि त्या छपाईला परवानगी कोणाची? मुखपृष्ठावरच लिहिलंय: पवित्र इन्क्विझिशनची. १६१६ मध्ये ज्या न्यायासनाने हजारो ओव्यांवर शिक्का मारला, त्याच न्यायासनाने १७३६ मध्ये लग्नातल्या ओव्यांवर बंदी घातली. न्यायासनाचं नाव तेच राहिलं, आतली माणसं आणि त्यांची भीती बदलली.

उत्तर कोकणालाही स्वतःचं पुराण मिळालं. फ्रान्सिस्कू वाझ दि गिमाराइश या फ्रान्सिस्कनाने ख्रिस्ताच्या दुःखसहनावर ओवीबद्ध काव्य रचलं, ते १६५९ मध्ये लिस्बनला छापलं गेलं. त्याची भाषा आपल्या या पट्ट्यातल्या बोलीला जवळची. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावं लागलं, म्हणजे दोनशे वर्षं लोक ते धरून होते. कळणाऱ्या भाषेत गोष्ट मिळाली की माणूस ती मनाशी ताडून बघतो. ही पारख हळू असते आणि तिची नोंद कुठल्या दफ्तरात होत नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. युरोपीय पाद्री गेले, पोर्तुगीज कुटुंबं गेली. गावातले ख्रिस्ती राहिले, देशी पाद्री राहिले आणि गोव्याच्या आर्चबिशपांचा अधिकार राहिला. न्यायासनाचा हात मात्र आता पोचत नव्हता. गोव्यात ते १७७४ मध्ये बंद, १७७८ मध्ये पुन्हा सुरू आणि १८१२ मध्ये कायमचं बंद, असं धडपडत संपलं. आणि ज्या ओव्यांची भीती होती? वसईच्या लग्नघरात बायका आजही गाणी म्हणतात, उंबराचं पाणी आणतात, आणि दुसऱ्या दिवशी मिस्साला पहिल्या बाकावर असतात. कोणाची श्रद्धा त्यामुळे बुडाल्याचं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

पुढचं शतक वेगळ्याच घोळाचं. मुंबईत इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज पाद्री काढले आणि थेट रोमच्या हाताखालचे कार्मेलाइट आणले. गोव्याची बाजू म्हणजे पाद्रोआदो, रोमची बाजू म्हणजे प्रॉपगंडा. १७९४ पासून मुंबईत दोघांचाही अधिकार चालू झाला, एका शहरात दोन. दोघेही कॅथलिक, प्रार्थना तीच, आणि तरी ते गोववाले फुटीर, हे रोमवाले उपरे. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून इतकं ताणलं गेलं की बिशप हार्टमन आपल्या माणसांसह चर्चमध्ये आतून बंद होऊन राहिले आणि बाहेर पॅरिशच्या लोकांनी वेढा दिला. शेवटी सरकारला मध्ये पडून दारं उघडावी लागली आणि चर्च पाद्रोआदोकडे गेलं. शिकवणुकीत तिळाइतका फरक नव्हता. भांडण अधिकाराचं होतं आणि त्याला कपडे सत्याचे घातले होते. १८८६ मध्ये वसई दमणच्या धर्मप्रांतात गेली, १९२८ च्या करारानंतर मुंबईत, आणि २२ मे १९९८ ला वसईचा स्वतःचा धर्मप्रांत झाला. एवढं पुरे. या भांडणात खोल गेलो तर रात्र होईल.

आता वसईच्या बाहेर एकदाच जातो, कारण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात धीट उत्तर एका मराठी बाईने दिलंय. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या गॉडमदर. त्यानंतरची दोघींची पत्रं छापलेली आहेत, जरूर वाचा. जेराल्डीनबाईंचं म्हणणं, आता तुम्ही चर्चच्या झालात, तर चर्च शिकवतं ते माना. रमाबाईंचं म्हणणं, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्यांचं ऐकून मान डोलावणार नाही. त्रैक्य, मतांगीकार, बिशपांचा अधिकार, एकेका मुद्द्यावर त्या अडून बसल्या. परक्या देशात, ज्यांच्या घरी राहायचं त्यांच्याशीच. विश्वास सोडला नाही आणि प्रश्नही सोडले नाहीत. पुढे केडगावला मुक्तिसदनात बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. साध्या बाईला वाचता यावं, हा त्यांचा हट्ट होता.

आपल्या वसईत हे दार बऱ्याच उशिरा उघडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ पर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये. आमच्या आधीच्या पिढीतली माणसं सांगतात, उत्तरं पाठ होती, अर्थ माहीत नव्हता. मग मराठी आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुवार्ता' मासिकातून आणि नंतर 'सुबोध बायबल'मधून इथल्या वाचकाला नुसतं वचन दिलं नाही, त्यामागचा इतिहास, भूगोल, अभ्यासकांचे मतभेद हेही दिले. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला तळटीपा मोठ्या वाटतात. तळटीप म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेली तपासणीची परवानगी.

आता परत गोखिवऱ्यात. पश्चिमेला पापडी, गिरिज, नंदाखाल, आगाशी, तिथे चर्च जुनी, घराणी एकमेकांना सात पिढ्या ओळखतात. फादर चुकले तर सांगायला पॅरिश कौन्सिल आहे, वर बिशप आहे. रेल्वेच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराकडे, गाळे, चाळी, नव्या इमारती. माणूस कुठून कुठून आलेला, शेजारी नवा. अशा ठिकाणी कोणी प्रेमाने नाव विचारलं, डोक्यावर हात ठेवला, तर तो जवळचा वाटणारच. अशा सभा चालवणारे सगळे लबाड असं आम्ही अजिबात म्हणत नाही. पुष्कळ जण मनापासून करतात, दारू सोडवतात, अडीनडीला धावतात. आणि गोळ्या सोडा म्हणणारे जुन्या चर्चच्या सावलीतही भेटतात.

पण त्या ब्रदरबद्दल ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. जाऊबाई दवाखान्यातून आल्यावर ताई स्वतः गाळ्यावर गेल्या आणि विचारलं, तुमच्या वर कोण आहे, तुम्ही हिशेब कोणाला देता, आणि गोळ्या बंद करा असं का सांगितलं? उत्तर मिळालं, शंका घेणं हे सैतानाचं काम, आणि बरं वाटलं नाही म्हणजे विश्वासात कुठेतरी खोट आहे, ती आधी शोधा.

ऐकल्यावर आम्हाला देलाँच आठवला. आरोप सांगायचा नाही, तूच शोध, तूच कबूल कर. गाळा भाड्याचा, न्यायासन तीनशे वर्षांपूर्वीचं, दिशा तीच.

कायद्याचं विचाराल तर, महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला. तो सगळ्या धर्मांना सारखा लागू आहे. घरातली किंवा चर्चमधली प्रार्थना, उपासना यांना त्यात धक्का नाही. चमत्काराचा दावा करून फसवणं, पैसा काढणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचारापासून अडवणं हा मात्र गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. मधुमेहाच्या गोळ्यांचं नाव त्यात लिहिलेलं नाही, त्यामुळे अशी प्रकरणं दरवेळी पोलिसांपर्यंत जातीलच असं नाही. आणि घरच्या माणसावर तक्रार कोण करतं?

जाऊबाई आता गोळ्या घेतात, पर्समध्ये ठेवतात. शुक्रवारी मात्र अजून तिथेच जातात. गाणी आवडतात, मैत्रिणी झाल्यात. ताईंना आम्ही दिदाखेची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, ते ठीक आहे. पण तेव्हा उपदेशक गावात येत होता, म्हणून गावाने त्याचे दिवस मोजले. इथे आम्हीच त्याच्या दारात जातो. मग दिवस कोणाचे मोजायचे?"

यावर कोणाला काही सुचत असेल तर बोला. माइक मागे पाठवतो.